वरून काळी, खालून काय? : वावराखालचा पत्थर कसा वाचायचा

धुरेकरी

वावर विकणारा नेहमी म्हणतो, "काळी आहे साहेब, पेरा काहीही." घेणाऱ्यानं दोनच गोष्टी विचाराव्यात. काळी किती फूट, आणि तिच्या बुडाला काय? या दोन प्रश्नांवर इथं माहिती गोळा व्हावी म्हणून धागा काढतोय.

बुलढाणा, वाशिम, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा आणि नागपूरचा पश्चिम भाग, इथं बहुतेक सगळीकडे तळाला काळा पत्थर म्हणजे बेसॉल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पसरला आणि थरावर थर साचत गेले. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दीड-दोन किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेकडे ती कमी होत येते आणि नागपूरपाशी संपते. सीताबर्डीची टेकडी काळ्या पत्थराची, पण शहराच्या पूर्वेला वेगळाच जुना खडक सुरू होतो.

लाव्ह्याचा प्रत्येक थर सारखा नसतो. मधला भाग घट्ट, निळसर काळा. सब्बल मारली की ठणकन आवाज येतो. वरचा भाग बुडबुड्यांचा, जाळीदार. ती भोकं पुढे पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरली. नांगराला लागणारे पांढरे चकचकीत खडे आणि गारगोट्या बऱ्याचदा तिथूनच सुटलेल्या असतात. घट्ट थर झिजता झिजत नाही, जाळीदार थर लवकर भुसभुशीत होतो. टेकड्या पायऱ्या-पायऱ्यांच्या आणि माथ्याला ताटासारख्या सपाट दिसतात त्या यामुळेच. काही ठिकाणी लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे पाच-सहा बाजूंचे खांब झाले. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडीजवळ असे खांब उघडे पडले आहेत.

आता मातीचं. पत्थर एकच, पण टेकडीच्या माथ्यावर बरड, मधल्या उतारावर मध्यम आणि नाल्याकाठी भारी काळी. माथ्यावर झिजलेलं सगळं पाण्याबरोबर खाली येतं, त्यामुळे वर अर्धा-एक फूट माती आणि लगेच मुरूम, तर खाली चार-पाच फूट किंवा त्याहून जास्त खोल चिकण. दोन धुऱ्यांच्या (बांधांच्या) अंतरात हा फरक पडतो. सातबाऱ्यावर त्याचा पत्ता नसतो.

खोलीचा हिशेब असा. भारी काळी माती एका फुटात पिकाला घेता येईल असं अंदाजे ५० ते ६० मिलिमीटर पाणी धरते. त्यातलं निम्मं पीक सहज ओढतं, पुढचं ओढताना माना टाकतं. भर वाढीतलं सोयाबीन दिवसाला ४-५ मिलिमीटर पाणी पितं. म्हणजे एक फुटाच्या जमिनीत पावसाची उघडीप सहा दिवस निभते, तीन फुटांत अठरा-वीस दिवस. मुरूम कुजका असेल तर मुळं त्यात शिरतात आणि दोन-चार दिवस आणखी मिळतात. पंधरा दिवसांच्या खंडात एक वावर हिरवं आणि शेजारचं पिवळं का, याचं उत्तर बियाण्यात शोधण्याआधी खड्डा करून बघा.

खड्डा उन्हाळ्यात, वावराच्या वरच्या टोकाला, मध्ये आणि खालच्या टोकाला, असे तीन करायचे. प्रत्येक दोन फूट रुंद, मुरूम लागेपर्यंत किंवा साडेतीन फूट. एक बाजू फावड्यानं उभी साफ तासा आणि बघा: पांढरे चुन्याचे खडे कितव्या फुटापासून सुरू होतात, मुळं कुठे थांबतात, ढेकूळ फोडल्यावर आतून साबण चोळल्यासारखी गुळगुळीत चकाकणारी बाजू दिसते का. ती दिसली तर माती फुगून-आकसून स्वतःवरच घासली जातेय, म्हणजे अस्सल भारी चिकण. विहिरीच्या कडेला किंवा नाल्याच्या दरडीत हेच फुकटात दिसतं, तिथं आधी जा.

नवा_वखर

भाऊ, मले एक समजलं नाही. पत्थर तोच, मंग टेकडीवर माती तांबूस आन् खाली काळी काहून? आन् काळी म्हणजे खत जास्त, असं सगळे सांगतात ते खरं काय?

धुरेकरी

@नवा_वखर, खत जास्त हे खरं नाही. आपल्या कोरडवाहू काळीत सेंद्रिय कर्ब बहुतेक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. थोडासाच कर्ब असतो, पण तो चिकणमातीला इतका घट्ट धरून बसतो की रंग गडद दिसतो. रंगावरून कस ठरवू नका.

तांबूस-काळ्याचं कारण पाण्याचा निचरा. वर उतारावर पाणी वाहून जातं, हवा खेळते, दगडातलं लोखंड गंजतं, माती तांबूस होते. खाली पाणी थांबतं. दगडातून सुटलेला चुना आणि मॅग्नेशियम वाहून न जाता तिथंच राहतात आणि त्यांच्या संगतीनं फुगणारी चिकणमाती तयार होते, तिचं नाव स्मेक्टाइट. ओली झाली की पानं उघडल्यासारखी फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात अख्खा हात जाईल अशा भेगा पडतात त्या हिच्यामुळे.

भेगांचा एक फायदा: मृगाचा पहिला जोरदार पाऊस सरळ आत उतरतो. पण भेगा मिटल्या की पाणी जिरण्याचा वेग ताशी काही मिलिमीटरवर येतो आणि पुढचा पाऊस वर तुंबतो. भारी जमिनीत पऱ्हाटी (कपाशी) लाल पडण्याची सुरुवात पुष्कळदा या तुंबण्यातून होते. मुळांना हवा नाही, अन्न उचललं जात नाही, आणि आपण रसशोषक किडीचं औषध फवारत बसतो. पेरणी उताराला आडवी करा. सोयाबीनमध्ये रुंद वरंबा-सरी काढा किंवा दर तीन-चार ओळींनंतर एक सरी पाडा. पऱ्हाटीत डवऱ्याला (ओळींमधली माती हलवायच्या अवजाराला) दोरी गुंडाळून शेवटच्या डवरणीला सरी पडते, तिचं तोंड मात्र धुऱ्याच्या नालीला काढा. तोंड बंद ठेवलेली सरी भारी जमिनीत डबकंच होते. बरडावर उलट, तिथं तोंड बंदच पाहिजे.

पूर्णाकाठ

वरचं सगळं पत्थरावरच्या जमिनीला लागू. आमच्या खारपाणपट्ट्यात पत्थर लागतच नाही. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर या बाजूला पूर्णेचा गाळ आहे, शेकडो फूट खोल. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी मोठा भूभंग. त्या बाजूनं खोरं खाली बसलं आणि नद्यांनी ते काळ्या पत्थराच्या झिजेनं भरून काढलं. इथे पूर्वी समुद्र होता म्हणून पाणी खारं, असं चहाच्या टपरीवर हमखास ऐकायला मिळतं. गाळ नदीचा आहे, समुद्राचा नाही.

मग खार आला कुठून? काळ्या पत्थरात चुन्याबरोबर सोडियमही असतो. पाऊस कमी, जमीन जवळपास सपाट, निचरा मंद. वाळताना चुना खड्यांच्या रूपानं थिजून बाजूला पडतो, सोडियम मात्र मातीच्या पाण्यात राहतो आणि चिकणमातीला चिकटतो. थोडक्यात, आपल्या खड्ड्यात दिसणारे पांढरे खडे जितके वाढतात तितकी मातीतली चुन्याची बाजू दुबळी होते. लोणारच्या सरोवराचं पाणी इतकं सोड्याचं का, तर तेही काळ्या पत्थरातलं बंद भांडं: पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, वाफ होते, क्षार उरतात. (तो खड्डा उल्केचा आहे, ज्वालामुखीचं तोंड नव्हे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. हा गैरसमज अजून जात नाही.)

सोडियमचं माप घरी असं बघा. मातीचं वाळलेलं, वाटाण्याएवढं ढेकूळ घ्या, एक वरच्या थरातलं, एक दोन फुटांवरचं. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घ्या, ढेकूळ हळूच सोडा, हलवू नका. दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी बघा. ढेकूळ नुसतं विरून ढीग झाला आणि पाणी नितळ राहिलं तर काळजी नाही. ढिगाभोवती दुधासारखं ढग धरलं तर सोडियम वाढलेला आहे. बोअरचं खारं पाणी वापरलं तर क्षारांमुळे ढग बसून जातो आणि चोपण (सोडियम वाढलेली) जमीनही चांगली वाटते. हीच चूक सगळ्यात जास्त होते. पुस्तकात चोपण म्हणायला विनिमय सोडियम (चिकणमातीला चिकटलेल्या सोडियमचा वाटा) १५ टक्के लागतो, पण आपल्या फुगणाऱ्या मातीत ५ टक्क्यांपुढेच पाणी जिरणं मंदावतं. अहवालात ८ टक्के दिसले आणि कुणी "सामान्य" म्हणालं तर मानू नका.

जिप्सम टाकायचं ते माती तपासून, गरज काढून. सर्वसाधारण मात्रा हेक्टरी २.५ टन, म्हणजे एकरी १० क्विंटल. मे महिन्यात फेकून वखरानं वरच्या चार-पाच इंचांत मिसळा. जिप्समचा चुना सोडियमला ढकलतो, पण ढकललेला सोडियम धुऊन बाहेर जायला नाली पाहिजे. नाली नसेल तर तो तिथल्या तिथं फिरत राहतो आणि लोक म्हणतात जिप्सम खोटं निघालं. धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलोऱ्याआधी गाडला तर मुळं कुजताना निघणाऱ्या आम्लानं जमिनीतला चुनाच थोडा विरघळतो, त्यानं दुहेरी मदत होते.

आणि हात जोडून एक सांगणं: शेततळं खोदल्यावर निघालेली खालची माती वावरात पसरवू नका. आमच्याकडे खोलीबरोबर सोडियम वाढतो. वरची एक फूट माती आधी वेगळी काढा, खालची बांधालाच टाका. खोल नांगरटीचंही तेच.

चुनखडा

पूर्णाकाठ, शेततळ्याच्या मापाचं लिहा ना. ३० × ३० × ३ सगळे सांगतात, पण बाजू ढासळतात.

पूर्णाकाठ

३० × ३० × ३ मीटर, बाजूचा उतार एकास एक धरला तर २,१९६ घनमीटर पाणी, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर. हा उतार मुरमाला ठीक. भारी काळीत बाजू ओल्या-वाळ्यानं सरकते, दीडास एक ठेवा. साठा १,९७१ घनमीटरवर येतो, पण तळं टिकतं. चिकणीत प्लास्टिक नसलं तरी पाणी थांबतं. तळाला मुरूम उघडा पडला तर मात्र थांबत नाही. आणि पाणी येण्याच्या वाटेवर आधी गाळाचा खड्डा काढा, नाहीतर चार पावसाळ्यांत तळं उथळ होतं.

संत्राबाग

वरूड-मोर्शीकडून भर घालतो. पऱ्हाटी चुना खपवून घेते, संत्रा नाही. चुनखडी जमिनीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की समजा. फेरस सल्फेट जमिनीत टाकणं म्हणजे पैसे पुरणं, कारण चुना त्याला लगेच अडकवतो. फवारणीनं तात्पुरतं भागतं, खरा उपाय लागवडीआधीच.

खड्ड्यातल्या प्रत्येक फुटाच्या मातीवर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, हातमोजे आणि चष्मा घालून. कानाला बारीक चरचर, तर चुना कमी. डोळ्याला फेस दिसला तर प्रयोगशाळेत मुक्त चुन्याचं प्रमाण काढा. १० टक्क्यांच्या पुढे असेल तर तिथं संत्रा नको. नुसते खडे असतील आणि मधली माती फसफसत नसेल तर इतकी भीती नाही. पावडरीसारखा विखुरलेला चुना जास्त घात करतो.

दुसरी गोष्ट खोलीची. संत्र्याला तीन-साडेतीन फूट माती आणि तिच्याखाली निचऱ्याचा कुजका मुरूम, ही सर्वात चांगली जोडी. पाच फूट भारी चिकण दिसायला श्रीमंत, पण पावसाळ्यात खोडाशी पाणी साचून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो. अशा जमिनीत लावायचंच तर गादीवाफ्यावर, कलम रंगपूर लिंबावरचं. जंभेरी खुंट डिंक्याला लवकर बळी पडतो. उघड्या घट्ट पत्थरावर खड्डे फोडून बाग लावतात तेही चूक. तो खड्डा कुंडी होतो, पाणी भरतं आणि कुठंच जात नाही.

बोअर_आणि_विहीर

पाण्याचा भाग राहिला. काळ्या पत्थरात पाणी जमिनीखालच्या नदीसारखं वाहत नाही. तीन जागी सापडतं: मुरूम आणि घट्ट पत्थराच्या सांध्यावर, जाळीदार थरात, आणि घट्ट थराच्या फुटीत. घट्ट पत्थर फुटका नसेल तर कोरडा ठणठणीत.

विहीर खणताना क्रम साधारण असा: काळी माती, चुन्याची पांढरट-पिवळी माती, मऊ मुरूम, कडक मुरूम, मग पत्थर. मुरूम खोल असेल ती जागा चांगली, कारण तोच पाण्याचा डबा. माथ्यावर आठ फुटांत घट्ट पत्थर लागला तर तिथंच थांबलेलं बरं. खाली आणखी वीस फूट सुरुंग लावून विहीर फक्त हौद होते, झरा नाही. नाल्याकाठच्या खोलगट भागात, जिथं उन्हाळ्यात शेवटपर्यंत हिरवळ टिकते, तिथं मुरूम जाड असण्याची शक्यता जास्त.

दोन थरांमधला लाल गेरूसारखा थर लागला की लक्ष द्या. ती जुन्या थराच्या माथ्याची भाजलेली-कुजलेली माती आहे, चिकण, पाणी न सोडणारी. तिच्या वरच्या थराचं बूड फुटकं असेल तर पाझर नेमका लाल थराच्या डोक्यावर येतो. विहिरीच्या भिंतीत लाल पट्टा आणि त्याच्या वर ओल, असं दिसलं तर त्या पातळीला आडवी बोअर मारणं फायद्याचं. पण उभ्या बोअरमध्ये हाच थर घात करतो. केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप) वरच्या मुरमापुरतं, २०-४० फूट टाकतात. खाली लाल थर पाण्यानं फुगतो, ढासळतो, पंप गाडला जातो. बोअर चालू असताना शेजारी उभे राहून दर दहा फुटांचा भुगा वेगळा ठेवा. करडा भुगा म्हणजे घट्ट, पांढरे ठिपके म्हणजे जाळीदार, लाल चिखल म्हणजे गेरू. लाल किती फुटांवर लागला ते लिहून ठेवा आणि तिथपर्यंत केसिंग मागा. गाडीवाला घाई करतो, त्याचं मीटर फुटांवर चालतं.

खोल गेलं की पाणी वाढतं हा समज पत्थरात उलटा पडतो. दोनशे-तीनशे फुटांनंतर फुटी मिटत जातात. शिवाय २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे. पाळतं कोण हा भाग सोडा.

नवा_वखर

बरडावर तलावाचा गाळ टाकला तं चालते काय? किती लागन?

धुरेकरी

चालतो, बरडासाठीच तो आहे. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. दोन इंचाचा थर द्यायचा तर सुमारे २०० घनमीटर, म्हणजे ७० ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे १०० घनफूट). ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रासची धरा, सत्तर-बहात्तर खेपा. एकाच वर्षी चार इंच टाकू नका, चिकण वर आणि मुरूम खाली असे दोन वेगळे थर बसतात. दोन इंच टाकून वखरानं मिसळा, पुढच्या वर्षी परत. भारी काळीवर गाळ टाकणं म्हणजे डबक्यावर झाकण. आणि गाळ उचलण्याआधी पूर्णाकाठ यांची ग्लासाची तपासणी करा, तलाव चोपण शिवारातला असेल तर गाळही चोपणच.

बांधीवाला

सगळे काळ्या पत्थरावर बोलताहेत म्हणून भंडारा-गोंदियाची हजेरी लावतो. आमच्याकडे ज्वालामुखी नाही. ग्रॅनाइटच्या जातीचे, काळ्या पत्थराच्या कितीतरी आधीचे खडक. ते झिजले की वाळू उरते आणि न फुगणारी चिकण, म्हणून माती पिवळसर, भेगा नाहीत. जुन्या जमीन-बंदोबस्तातली (सारा ठरवण्याच्या मोजणीतली) नावं अजून चालतात: कन्हार काळी आणि भारी, मोरंड करडी, चुन्याच्या खड्यांची, सिहार रेताड-पिवळी, खरडी-बरडी हलकी. धान सिहारवर होतो तो पाणी जिरू नये म्हणून चिखलणी केल्यामुळे. नांगराखाली पाच-सहा इंचांवर कडक थर तयार होतो आणि बांधी (धानाचं बांध घातलेलं वावर) पाणी धरते. रोटाव्हेटरनं तो थर दरवर्षी वरवर येतो, मुळं उथळ राहतात. पण खोल नांगरून तोडला तर पाणी गळतं. दोन्ही बाजूंनी फसण्यासारखं आहे.

मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांनी बांधलेले गावतलाव) इथेच का? खडक उथळ आणि घट्ट, पाणी खाली जात नाही, पाऊस १,२०० मिलिमीटरच्या पुढे, जमीन हलकी लाटांची. दोन उंचवट्यांमधली दरी मातीच्या पाळीनं अडवली की तलाव झाला. हाच तलाव बरडाच्या मुरमावर बांधला तर माघ महिन्यात रिकामा.

चंद्रपूर-वणीकडे आणखी वेगळं: काळ्या पत्थराच्या खालून कोळशाचे थर आणि राजुरा-कोरपन्याचा चुनखडक वर येतो. तिथं आणि यवतमाळच्या त्या कडेला बोअरच्या पाण्यात फ्लोराइड तपासल्याशिवाय पिऊ नका, लिटरला १.५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. उकळून ते कमी होत नाही, उलट घट्ट होतं.

चुनखडा

घराच्या भिंतींचा विषय कुणी काढला नाही. काळ्या जमिनीवर घर बांधलं की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा येतात. उन्हाळ्यात रुंदावतात, पावसाळ्यात मिटतात. काय करावं?

बोअर_आणि_विहीर

ऋतूप्रमाणे हलणारी भेग म्हणजे माती श्वास घेतेय. पाया हालचालीच्या थराखाली न्यायचा, बस. मुरूम पाच-सहा फुटांत असेल तर सरळ मुरमावर पाया, आणि खणलेल्या चरात बाजूला काळी माती परत भरू नका, मुरूम भरून ठोका. मुरूम खोल असेल तर बल्ब असलेले पाइल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब): निदान ३.५ मीटर खोल, तळाचा फुगवटा दांडीच्या अडीच पट व्यासाचा, वर प्लिंथ बीम, आणि बीमखाली तीन-चार इंच पोकळी. पोकळी न ठेवता बीम मातीवर टेकवला तर फुगलेली माती तोच उचलते आणि पाइलचा खर्च वाया.

घराभोवती चार फुटांचा पक्का पट्टा, उतार बाहेर. न्हाणीचं पाणी भिंतीला लागून सोडू नका, आणि भिंतीच्या जवळपास पिंपळ-कडुनिंब नको. झाड एका बाजूची माती वाळवतं आणि तो कोपरा बसतो. भेग आत्ता सिमेंटनं भरू नका. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवून तिची टोकं दोन्ही बाजूंना चिकटवा आणि तारीख लिहा. वर्षभरात पट्टी तुटली तर पाया हलतोय, नाही तुटली तर भरा.

नवा_वखर

तीन खड्ड्यांपैकी वरच्यात दीड फुटाले मुरूम लागला, मधात अडीच फूट, खालच्यात साडेतीन फुटालेबी नाही लागला. खालच्या ढेकळानं दुसऱ्या दिवशी ग्लासात ढग धरला, वरच्या दोघांनी नाही. संत्रा कुठं?

संत्राबाग

मधल्या पट्ट्यातच विचार करा, तोही मुरूम कुजका असेल आणि आम्लाची चरचर बारीक असेल तरच. अडीच फूट जरा कमी आहे, म्हणून गादीवाफा हवाच. वर तूर-सोयाबीन ठेवा. खालचा तुकडा सध्या मोकळा ठेवून या वर्षी आधी नाली काढा, धैंचा पेरा, आणि दोन फुटांवरची माती विनिमय सोडियमसाठी प्रयोगशाळेत द्या. अहवाल आला की इथं टाका.